वावरात विणलेली बाज

माझ्या पायांबद्दल आमच्या घरात कुणाचंही मत कधी चांगलं नव्हतं. पायाला भिंगरी बांधूनच आलाय, असं आई म्हणायची. मांडी घालून जेवायला बसलो तरी गुडघा हलायचा, आणि ताटातली आमटी भाताचा बांध फोडून कोशिंबिरीत शिरायची. पुढे माझ्या लग्नात अंतरपाटामागे मी इतका चुळबुळत होतो की भटजींनी मंगलाष्टक मध्येच थांबवून मामाला सांगितलं, "जरा नवरदेवाला धरून ठेवा." अशा माणसाने पोटापाण्यासाठी कोणता धंदा धरावा? एसटीचा कंडक्टर शोभला असता, पोस्टमन शोभला असता. मी धरला तो जमिनीचं पोट कानाने तपासायचा. त्या धंद्यातला पहिला नियम असा की कुणी हलायचं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वाशीम जिल्हा अजून व्हायचा होता. तो सगळा मुलूख अकोल्यातच मोडायचा. आमचा तंबूंचा तळ कारंज्याहून पुढे धनजच्या बाजूला पडला होता. काम तेल आणि गॅस शोधण्याचं. लोकांना वाटायचं, हे खणणार आणि तेल उसळणार. खणायची पाळी फार पुढची. त्याआधी नुसतं ऐकायचं असतं. जमिनीत बारीक, खोल भोक पाडायचं, तळाशी सुरुंग ठेवायचा, वरून चिखलाने बुजवायचं आणि भोंगा वाजवून उडवायचा. आवाज खाली जातो, खडकांच्या थरांवर आपटून परत वर येतो. वर आम्ही जिओफोन खोचून बसलेलो. जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी, तिच्या बुडाला लोखंडी खिळा. तिला जमिनीचा धक्का कळतो, आणि ती तो तारेतून रेकॉर्डिंगच्या गाडीला कळवते. गाडीतून कागदाची लांब पट्टी बाहेर येते. तिच्यावर प्रत्येक डबीची एक वळवळती रेघ. कुठल्या डबीला आवाज किती उशिरा पोचला, त्यावरून खालचा थर किती खोल हे काढायचं.

ऐकायला सोपं. पण त्या भागात वरतीच काळ्या दगडाचं असं जाड पांघरूण आहे की बराचसा आवाज त्यातच जिरतो. आमच्या तुकडीचे प्रमुख, म्हणजे पार्टी चीफ, उत्तरेकडचे. कमी बोलायचे, बोलले की हिंदीत. ते म्हणायचे, "रजाई के ऊपर कान लगाकर चींटी की चाल सुन रहे हैं हम."

डब्या आम्ही एका सरळ रेषेत लावायचो. त्या रेषेवरून जमिनीचा एकच काप मिळतो, सुरीने अळुवडीचा काढावा तसा. आता गोम अशी, की सगळे कान एका ओळीत असले म्हणजे बाजूने आलेला आवाजही खालूनच आल्यासारखा वाटतो. शेजारच्या खोलीत कुणी खोकलं आणि आपल्याला वाटावं, तळघरात माणूस आहे. हे मला पुस्तकातून पक्कं ठाऊक होतं. पण पुस्तकातलं ऐन वेळी आठवलं असतं, तर मला सांगायला काही उरलंच नसतं.

गावाबाहेरच्या एका वावरातून आमची रेषा गेली. पट्ट्या एकापुढे एक जोडून पाहिल्या आणि मला त्या वावराखाली खूप खोल एक उंचवटा दिसला. पालथ्या परातीसारखा, गोलसर, सुबक. तेल साठायचं असेल तर अशाच पालथ्या परातीखाली साठतं. मी पट्टीकडे पाहिलं, उठलो, तंबूभोवती फिरलो, परत येऊन पट्टीकडे पाहिलं, पुन्हा फिरलो. शहाण्या माणसाने अशा वेळी आधी चीफना सांगायचं असतं. मी सायकल काढली आणि थेट वावरात गेलो. कशासाठी, ते आजही मला सांगता यायचं नाही. परात जागेवर आहे ना, हे बघायला बहुतेक.

ते वावर एका बौद्ध जोडप्याचं. दोघंही माझ्याहून थोडी मोठी. जमीन कोरडवाहू. कापूस निघून गेला होता, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या होत्या. तो माणूस वावराच्या मध्यावर वाकून चुन्याने गोल आखत होता. विहिरीचा गोल. नेमका माझ्या परातीच्या बुडावर.

"इथं खणू नका!" मी सायकलवरून पुरता उतरायच्या आधीच ओरडलो, आणि सायकलसकट पऱ्हाट्यांच्या ढिगात गेलो.

त्याने मला ओढून बाहेर काढलं, सायकल उभी केली आणि मग विचारलं, "काहून जी?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. खाली उंचवटा आहे, तेल असू शकेल, तसं झालं तर सरकार ही जमीन ताब्यात घेईल आणि तुमची विहीर फुकट जाईल. शिवाय विहिरीसाठी दगड फोडायला लागलात की त्या दणक्यांत आमचं ऐकणं बंद. तेव्हा थोडं थांबा.

तो चुन्याचं घमेलं काखेत धरून ऐकत होता. "सायेब," तो म्हणाला, "आमी दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी मुहूर्त पाहात नाई. मनात आलं का काम सुरू. आन आता तुमी हा नवाच मुहूर्त काढून राह्यले?"

त्याची बायको बांधावरून हात झटकत आली. "किती थांबाचं भाऊ?"

"थोडं."

"थोडं म्हंजे? पान्याच्या आदी का पान्याच्या नंतर?"

तिच्या प्रश्नात सगळं आलं होतं. विहीर खणणारी टोळी बाभळीखाली येऊन उतरलेली होती, पहारी आणि कुदळींसकट. शेलूबाजारकडचा एक शेतकरी त्याच टोळीला न्यायला जीपने खेटे घालत होता. टोळी एकदा हातची गेली की उन्हाळा गेला, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत कुणी विहीर खणत नाही. म्हणजे पुन्हा वर्षभर नुसती पऱ्हाटी. गव्हाचं, भाजीचं नाव नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. त्या वावराखाली परात आहे की नाही? मला ती असायला हवी होती. त्या दोघांना ती नको होती.

चीफनी माझ्या पट्ट्या पाहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यह नीचे नहीं है. बगल में है. नाले के पार वाली टेकड़ी बोल रही है." वावराच्या एका अंगाला नाला होता, आणि नाल्यापलीकडे एक टेकडी. तिच्या पोटातल्या दगडाचा कडा आवाज परतवतोय, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणालो, "नीचे है."

ते म्हणाले, "बगल में."

असं थोडा वेळ चाललं. मग मी माझं अस्त्र काढलं. परदेशातल्या एका मासिकात वाचलं होतं की तिकडे आता डब्यांची एकच रेषा नाही घालत. शेजारीशेजारी कितीतरी ओळी घालतात आणि सुरुंग आडव्या बाजूने उडवतात. मग नुसता काप न मिळता लांबी, रुंदी, खोली अशा तिन्ही अंगांनी जमिनीचा अख्खा ठोकळा हाती लागतो. आवाज खालचा की बाजूचा, हा वादच मिटतो. आपणही एकदा करून पाहू. चीफ म्हणाले, एवढी केबल नाही, वरून परवानगी नाही, आणि तळ लवकरच हलणार आहे. त्यांची तिन्ही कारणं बरोबर होती. म्हणून मी वाद न घालता नुसता त्यांच्या तंबूत येरझारा घालत राहिलो. ते जेवत होते तेव्हा घातल्या, दाढी करत होते तेव्हाही घातल्या. गालाला कापून घेतल्यावर त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"एक सुबह," ते म्हणाले. "एक धमाका. उसके बाद तुम्हारे ये पैर मुझे इस तंबू में नहीं दिखने चाहिए. और उस किसान को तुमने रोका है, तो जवाब भी उसे तुम ही दोगे."

होती तेवढी केबल आम्ही वावरात उभी-आडवी पसरली. सुट्या ओळी थोड्याच झाल्या, पण जाळं दिसायला लागलं. आमच्यातले मजूर आसपासच्या गावांतलेच. त्यांतल्या एकाने तारांकडे मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "सायेब, बाज इनून राह्यले काय?" तेव्हापासून त्या प्रकाराचं नाव बाज. तीन मितींचा प्रयोग वगैरे मी एकटाच म्हणत होतो.

उन्हाने काळी माती भेगाळलेली. भेगेत डबी खोचली तर ती नुसती लटकायची, आणि लटकलेल्या डबीला काही ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक डबीपाशी तांब्याने थोडं पाणी ओतायचं, माती मळायची, खिळा दाबायचा. त्या बाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. कापसाचं बी बोटाने मातीत टोबतात, तसंच हे त्यांना दिसलं.

"पऱ्हाटीवानी टोबून राह्यले भाऊ. पानी घाला बराबर. उगवलं त आमालेबी सांगजा."

बाज विणून होत आली. आता शांतता हवी होती. ऐकताना पाय वाजला नाही पाहिजे, चाक फिरलं नाही पाहिजे. पिठाच्या चक्कीवाल्याने सकाळ सोडून दुपारी चक्की लावायचं कबूल केलं. बकऱ्यांवाल्याने बकऱ्या उलट्या अंगाला न्यायचं मान्य केलं. अडलं ते शेजारच्या मोठ्या वावरापाशी. ते गावातल्या एका जमीनदाराचं. त्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन, आणि इंजिनावर संत्र्याची बाग.

"एक सकाळ इंजिन बंद ठेवाल का?"

"कायले?"

"आम्हाला ऐकायचंय."

"काय आयकाचं?"

"जमीन."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जमीन बोलते काय? माह्यासंगं त आजपावतर बोलली नाई. नुसती खाऊन गेली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन मले एक सांगा. तेल त्याच्याच वावरात काहून? माह्या वावरात काय शेन हाय?"

"तसं नाही. उंचवटा पसरलेला असेल, तर तुमच्याकडेही…"

"मंग चार ओळी माह्या वावरातूनबी इना. मंग करतो इंजन बंद."

बाजेच्या दोन ओळी त्यांच्या वावरातून न्यायच्याच होत्या. तीच परवानगी मागायला मी धाकधूक करत गेलो होतो. तरी मी कपाळाला आठ्या घालून बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि त्यांच्यावर उपकार करून परतलो. माझ्या आयुष्यात मुत्सद्दीपणा म्हणून दाखवता येईल अशी ती एवढीच गोष्ट.

ती सकाळ उजाडली, आणि शांतता बघायला अख्खं गाव वावरात आलं.

आता काय करणार? माणसं म्हणाली, आमी बोलत नाई. पण ती चालत तर होती. चीफनी सगळ्यांना बांधाकडेला बसवलं. माणसं बसली, बाया बसल्या, जमीनदार आपल्या संत्र्याखाली खुर्ची टाकून बसले. टोळी पहारी आडव्या टाकून बसली. शेलूबाजारचा शेतकरी जीप बंद करून तिच्या दारात बसला होता. परात निघाली तर फायदा त्याचाच होता. निकाल माझ्या बाजूने लागला की तो टोळीला जीपमध्ये भरून घेऊन जाणार होता. एवढी माणसं आणि एवढं गप्प वावर मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कावळासुद्धा ओरडायच्या आधी विचार करत होता.

रेकॉर्डिंगच्या गाडीत आमचा ऑपरेटर. नागपूरचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, तोंडात मोजके शब्द. सुरुंगाच्या आधी एक कोरी पट्टी काढायची पद्धत असते. धमाका न करता नुसतं ऐकायचं, म्हणजे जमीन खरंच शांत आहे का ते कळतं. त्याने बटण दाबलं, पट्टी आली, आणि त्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

"कोणी तरी हलून राह्यलंय."

मी गाडीमागून पुढे आलो. "कोण हलतंय?" मी बांधाकडे बघून ओरडलो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणी हललं नव्हतं. मी एक माणूस चक्कीकडे पिटाळला, चक्की बंद होती. मग स्वतः जमीनदारांकडे गेलो.

"इंजन बंद हाय!" ते खुर्चीतून न उठता म्हणाले. "हात लावून पाहा, थंडगार हाय. माह्यावर भरोसा नाई त बाज गुंडाळा!"

दुसरी पट्टी. पुन्हा डोकं बाहेर. "थांबलं होतं, आता पुन्हा चालू आहे."

ऊन चढत होतं. ऊन चढलं की वारा सुटणार, आणि वारा सुटला की बांधावरच्या पऱ्हाट्यांचीसुद्धा सळसळ डब्यांना ऐकू जाणार. जीपवाल्याने घड्याळ पाहिलं. बकऱ्या असतील. नाल्यात कुणी धुणं आपटत असेल. मी गाडीपासून मागच्या कडुनिंबापर्यंत गेलो, तिथून डोळ्यांवर हात धरून नाल्याकडे पाहिलं, परत आलो. काही दिसेना. पुन्हा गेलो. पाणी प्यायलाही थांबवत नव्हतं.

"इकडे ये बे," ऑपरेटरने हाक मारली.

मी गाडीत चढलो. त्याने पट्टी माझ्यापुढे पसरली. "तुझ्या बाजेचा फायदा झाला पाहा. एका रेषेत डब्या असत्या तर आपण बोंबलत बसलो असतो, आवाज कुठला म्हणून. आता सरळ दिसते. ह्या गाडीमागच्या कोपऱ्यातल्या डबीला आधी कळते. मंग तिच्या शेजारणीला. मंग तिच्याही पुढच्या. पाण्यात खडा टाकल्यावर गोल पसरते ना, तसं."

"बरोबर," मी उत्साहाने म्हणालो. "म्हणजे खड्याची जागा सापडली!"

"सापडली. पण गोलाचा मधला ठिपका सरकते. गाडीपासून निंबापर्यंत जाते, निंबापासून गाडीपर्यंत येते." त्याने खर्रा दुसऱ्या गालात घेतला. "तिथे कोण आहे पाहा बरं."

मी दारातून मान काढून मागे पाहिलं. गाडीमागे मऊ मातीत एक पायवाट पडली होती, चांगली मळलेली. तिच्यावर माणूस नव्हता.

"आत्ता तर कोणी नाही," मी म्हणालो.

"आता आवाजबी नाही ना बे."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात चीफना समजलं होतं, त्यांनी ते हिंदीत दोन शब्दांत बाहेर सांगितलं होतं, आणि अख्खा बांध हसत होता. तीन मितींच्या प्रयोगाने त्या मुलखात लावलेला पहिला शोध म्हणजे मी.

हसू ओसरल्यावर त्या बाई बाभळीखालून खरीखुरी बाज उचलून घेऊन आल्या आणि गाडीपासून लांब ठेवली. "बसा भाऊ. पाय वर घ्या."

"मी उभा राहतो ना शांत."

"पाह्यलं आमी तुमचं शांत. घ्या पाय वर."

मी बाजेवर मांडी घालून बसलो. देवळातल्या मूर्तीसारखा, सगळ्यांच्या नजरेसमोर. तिसरी कोरी पट्टी निघाली. ऑपरेटरने डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बोट केलं. माझा गुडघा हलत होता. गुडघ्याने बाज हलत होती, आणि बाजेचे चारही पाय जमिनीला ते सांगत होते.

तेव्हा त्या बाईंचा नवरा उठला, पाय न वाजवता आला, माझ्याशेजारी बाजेवर बसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आधी हळू, मग चांगला दाबून. हात चुन्याने आणि मातीने खरबरीत झालेला. गुडघा थांबला.

आम्ही दोघं एका बाजेवर बसून होतो. समोर तो चुन्याचा गोल.

"सायेब," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा. हाय काय खाली?"

"असावं," मी म्हणालो.

"नसावं जी," तो म्हणाला.

त्याचाही हात थरथरत होता, माझ्या गुडघ्याला ते कळत होतं. पण एकमेकांना धरून बसल्यामुळे की काय, दोघांचं मिळून जमिनीपर्यंत काही पोचत नव्हतं. ऑपरेटरने दारातून अंगठा वर केला.

भोंगा वाजला. लांबवर, जमिनीच्या आत, कुणीतरी कापसाची गाठ टाकल्यासारखा धप्प आवाज झाला. भोकातून चिखलाचा एक फवारा उडून खाली बसला. बस्स. मासिकात वाचताना मला हे बरंच मोठं वाटलं होतं.

पट्टी बाहेर आली ती ओली, फोटो धुतात तसल्या औषधाचा आंबूस वास येणारी. चीफ, मी आणि ऑपरेटर, तिघं तिच्यावर वाकलो. परात खरंच वावराखाली असती, तर तिचा आवाज मधल्या ओळीला आधी कळला असता आणि कडेच्या ओळींना उशिरा. मी मधल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बाहेर, जमीनदारांच्या बाजूला सरकवत नेलं. उशीर होत होता. छान. मग पुन्हा मध्यावर आणून नाल्याच्या बाजूला सरकवलं. तिथेही उशीर व्हायला हवा होता. आवाज आधीच आलेला होता. नाल्याला सगळ्यांत जवळ असलेल्या ओळीला तर सगळ्यांच्या आधी. मी बोट परत मध्यावर आणलं, पुन्हा नेलं. मग पट्टी उलटी धरली आहे का तेही पाहिलं. माझी परात वावरातून घसरून नाला ओलांडून टेकडीत जाऊन बसली होती.

चीफ "बगल में" म्हणाले नाहीत. त्यांचा तो मोठेपणा. पट्टीवरून हात फिरवत ते बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मछली नहीं है. पर जाल अच्छा है."

मग त्यांनी दाराकडे मान केली. जवाब मीच द्यायचा होता.

बाहेर तो आणि त्याची बायको गाडीच्या पायरीपाशीच उभे होते. सगळा बांध उठून मागे आला होता.

"काय निंगालं जी?"

"काही नाही निघालं."

"काहीच नाई?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. विहीर खणा."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "मंग तोंड काहून असं केलं सायेब? आमाले वाटलं, गेलं वावर."

"आन माह्या वावरात?" मागून जमीनदारांचा आवाज.

"तुमच्याही नाही."

"हाय का आता!" ते म्हणाले. "सकायपासून बाग तहानली, आन निंगालं काय, त सायबाचे पाय." आणि इंजिनाकडे चालू लागले. जीपवाल्याने टोळीकडे पाहिलं. टोळी त्याच्याकडे न बघता पहारी उचलत होती. मग त्याने हँडल मारलं आणि धूळ उडवत हायवेकडे निघून गेला.

मी गाडीच्या पायरीवर बसलो. लपवायचं कशाला, रडू यायच्या बेतात होतं. असं वाटत होतं की डब्या परत खोचाव्यात, नाल्याकडून उडवावं, तिरपं उडवावं, अजून दोन ओळी वाढवाव्यात. हातात काही नव्हतं म्हणून बुटाची नाडी सोडून बांधत होतो.

समोर त्यांनी वेळ घालवला नाही. चुन्याच्या गोलाशेजारी बाईंनी एक मेणबत्ती लावली, वाऱ्याला पाठ करून. सगळे उभे राहिले, हात जोडून. त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. आमचे मजूरही जागच्या जागी थांबले होते. मग त्याने कुदळ बायकोच्या हातात दिली आणि पहिला घाव तिने घातला. दुसरा, तिसरा. मग त्याने.

"अबे!" आतून ऑपरेटर ओरडला. "पुन्हा चालायला लागला का तू?"

"मी बसलोय इथं."

"मंग हे काय आहे?"

मी आत गेलो. डब्या अजून काढलेल्या नव्हत्या, तारा जोडलेल्याच होत्या. त्याने सहज म्हणून एक पट्टी सोडली होती. तिच्यावर गोल पसरत होते, एकामागून एक, स्वच्छ. त्यांचा मध्य सरकत नव्हता. तो बाजेच्या अगदी मधोमध होता, जिथे माझी परात असायची तिथे. कुदळ पडली की गोल. कुदळ पडली की गोल.

"सगळ्यांत सुंदर रेकॉर्ड आहे पाहा हा," ऑपरेटर म्हणाला. "कामाचा नाही काही."

मी दारात येऊन पाहत राहिलो. खड्ड्याच्या कडेला काळ्या मातीचा ढीग वाढत होता. बाई घमेल्यात माती भरून बांधावर टाकायला नेत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि रिकामं घमेलं वर करून हाक मारली.

"ओ भाऊ! पाहून काय राह्यले? लय चालते ना तुमचे पाय? या मंग, माती वहा!"

मी पायरीवरून उडीच मारली. घमेलं डोक्यावर घेतलं, बांधावर नेऊन ओतलं, परत आलो, पुन्हा भरलं. खड्ड्यापासून बांधापर्यंत, बांधापासून खड्ड्यापर्यंत. कुणी थांब म्हणत नव्हतं. कितवी तरी खेप असेल, तेव्हा ऑपरेटरने गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि साऱ्या वावराला ऐकू जाईल असं ओरडला,

"चीफसाहेब! आता दोन गोल दिसून राह्यले. एक खणून राह्यला, आन एक आपला तोच!"